ब्रिटिश कोलंबियाच्या इतिहासाची साधनं: काही महिन्यांच्या वापरानंतर

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा इतिहास शोधायचा असेल, तर पहिले काही महिने कुठल्याही संकेतस्थळाची वर्गणी भरू नका. सरकारी कागद, जुनी वर्तमानपत्रं, जन्ममृत्यूच्या नोंदी, गावोगावच्या डिरेक्टऱ्या (नाव-पत्त्यांच्या याद्या) हे सगळं फुकट आणि घरबसल्या मिळतं, आणि वाचायला बसलं की संपत नाही. मी तिथल्या सरे शहरात राहते. मी इतिहासाची प्राध्यापक नाही. रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांना आपण राहतो त्या प्रांताची नीट माहिती सांगायची म्हणून वाचू लागले आणि त्यातच गुंतले. शिवकालावर आणि पेशवाईवर वाचणाऱ्यांना 'अस्सल कागद काय म्हणतो' हे विचारायची सवय असते. इथे तीच सवय कामाला येते. कागद कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला आणि कुणी जपून ठेवला, हे प्रत्येक वेळी बघावंच लागतं.

मला सगळ्यात जास्त देणारं साधन म्हणजे व्हिक्टोरिया विद्यापीठाचा 'कलोनियल डिस्पॅचेस' हा संग्रह. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीने १८४३ मध्ये फोर्ट व्हिक्टोरिया बांधला, १८४९ मध्ये व्हँकुव्हर बेटाची वसाहत झाली, १८५८ मध्ये फ्रेझर नदीत सोनं सापडल्यावर मुख्य भूमीवर दुसरी वसाहत झाली, १८६६ मध्ये दोन्ही एक झाल्या आणि २० जुलै १८७१ रोजी हा प्रांत कॅनडात सामील झाला. १८४६ पासून १८७१ पर्यंत इथल्या गव्हर्नरांनी लंडनच्या वसाहत खात्याला धाडलेले खलिते आणि तिकडून आलेली उत्तरं या संग्रहात शब्दन् शब्द उतरवून ठेवली आहेत. माणसं, ठिकाणं, जहाजं यांच्यावर वेगळ्या टिपा आहेत. त्यामुळे पार्श्वभूमी माहीत नसली तरी अडत नाही.

खरी गंमत आहे ती खलित्यांवरच्या शेऱ्यांत. खलिता लंडनला पोचला की आधी खात्यातला कारकून त्यावर मत लिहायचा, मग वरिष्ठ लिहायचे, शेवटी मंत्री. हे सगळे शेरे मूळ मजकुराखाली जसेच्या तसे दिलेले आहेत. पाठवलेल्या उत्तरात जे मोजूनमापून लिहिलेलं असतं, त्यामागचा विचार शेऱ्यांत उघडा पडतो. नुसती उत्तरं वाचून पुढे जाऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

एकच उदाहरण देते. २५ मार्च १८६१ रोजी गव्हर्नर जेम्स डग्लस यांनी एक खलिता पाठवला. बेटावरच्या विधानसभेचा अर्ज त्याला जोडलेला होता. मूळ रहिवाशांचा जमिनीवरचा हक्क रीतसर विकत घेण्यासाठी पैसे हवेत, सुमारे तीन हजार पौंड पुरतील, सरकारने ते उसने द्यावेत, जमीन विकून फेडता येतील, अशी ती मागणी होती. मंत्री होते ड्यूक ऑफ न्यूकॅसल. त्यांचं उत्तर ऑक्टोबरातलं आहे. हक्क वेळ न दवडता विकत घेणं फार महत्त्वाचं आहे हे त्यांना मान्य आहे, पण हा वसाहतीच्या हिताचा प्रश्न आहे, ब्रिटिश करदात्यावर त्याचा बोजा टाकता येणार नाही. विषय तिथेच थांबला. तीन हजार पौंड! हा कागद वाचून मी बराच वेळ काही वाचू शकले नाही. कॅनडाच्या बाकी बऱ्याच भागांत जमिनीसाठी तह झाले, पण ब्रिटिश कोलंबियाच्या बहुतेक जमिनीवर ते कधी झालेच नाहीत. अपवाद मोजकेच आहेत: १८५० ते १८५४ या काळात डग्लस यांनी बेटावर केलेले चौदा तह, ईशान्येकडचा १८९९ चा तह क्रमांक आठ, आणि त्यानंतर एक शतक उलटल्यावर, २००० मध्ये लागू झालेला निस्गा या मूळ रहिवाशांचा करार आणि त्याच्या मागोमाग झालेले काही थोडे करार. मूळ रहिवाशांच्या जमिनीच्या हक्कावरचा १९९७ चा डेलगमूक निकाल किंवा २०१४ चा त्सिल्कोतिन निकाल बातम्यांत आला, की लोक विचारतात, 'इतक्या वर्षांनी हे आता कुठून निघालं?' ज्यांना हा प्रश्न पडतो, त्यांनी हा एक पत्रव्यवहार वाचावा.

त्या चौदा तहांचे कागद व्हिक्टोरियातल्या बीसी अर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या (बीसी) सरकारी दप्तरखान्यात आहेत. त्यांच्या बाबतीतही तेच, कागद बारकाईने बघायला हवा. एप्रिल १८५० च्या शेवटी फोर्ट व्हिक्टोरियात प्रमुखांच्या सहीऐवजी फुल्या घेतल्या तेव्हा वर मजकूरच नव्हता. तहाचा मसुदा लंडनहून त्या वर्षी ऑगस्टमध्ये आला, न्यूझीलंडमधल्या जमीनखरेदीच्या धर्तीवर, आणि मग तो फुल्यांच्या वर उतरवला गेला. छापील पुस्तकात तह वाचला तर यातलं काहीच दिसत नाही.

आता वर्तमानपत्रं. 'ब्रिटिश कॉलनिस्ट' हे राजधानी व्हिक्टोरियाचं पत्र ११ डिसेंबर १८५८ रोजी आमोर दे कॉस्मोस यांनी काढलं. हेच गृहस्थ पुढे प्रांताचे दुसरे प्रीमियर (मुख्यमंत्री) झाले. १८५८ पासून १९८० पर्यंतचे अंक स्कॅन करून खुले केलेले आहेत. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या 'ओपन कलेक्शन्स'मध्ये प्रांतभरची छोटी पत्रं आहेत, अॅबट्सफर्ड पोस्टपासून यमीर मिररपर्यंत शेकड्याहून जास्त. खाणी बंद पडल्यावर ओस पडलेल्या गावांचीही पत्रं त्यात सापडतात. राजधानीचं पत्र मोठ्यांची बाजू सांगतं, तर छोट्या पत्रांत दुकानांच्या जाहिराती, संपाच्या बातम्या, नाचाचे कार्यक्रम, कुणाची गाय हरवली हेही असतं. माझा ओढा छोट्या पत्रांकडे.

शोधाची पद्धत मात्र शिकून घ्यावी लागते. स्कॅन मायक्रोफिल्मवरून केलेले आहेत, त्यामुळे यंत्राला अक्षरं चुकीची लागतात. लांब वाक्प्रचार टाकला तर हाती काही येत नाही. एकच ठळक शब्द टाकावा, तोही जहाजाचं किंवा गिरणीचं नाव असेल तर उत्तम. तारीख ठाऊक असेल तर शोधाच्या नादी न लागता त्या दिवशीचा अंक उघडून सरळ पानं उलटावीत. भारतीयांविषयी शोधताना लक्षात ठेवा की तेव्हाची पत्रं शीख, मुसलमान, सगळ्यांनाच सरसकट 'हिंदू' म्हणायची. नावांचं स्पेलिंगही दर अंकात वेगळं. आणि पत्रात छापलं म्हणजे खरं, असं धरून चालू नये. १८६२ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून आलेल्या जहाजातून देवीच्या रोगाची साथ व्हिक्टोरियात आली. त्या महिन्यांतले कॉलनिस्टचे अंक ओळीने वाचा. शहराभोवती तळ देऊन राहिलेल्या मूळ रहिवाशांना हाकलून लावा, अशी मागणी त्यात वाचायला मिळते. त्यांना खरोखरच हाकललं गेलं, झोपड्या जाळल्या, आणि परतणाऱ्या होड्यांबरोबर रोग किनाऱ्याने उत्तरेपर्यंत गेला. जे पत्र या घटनेचं साधन आहे, तेच त्या घटनेतलं एक पात्रही आहे.

आपल्या लोकांना जवळचा विषय म्हणजे कोमागाता मारू. सायमन फ्रेझर विद्यापीठाचं या विषयावरचं संकेतस्थळ मी मुलांसाठी सगळ्यात जास्त वापरलं. हाँगकाँगहून गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेलं हे जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरच्या खाडीत पोचलं. त्यावर ३७६ प्रवासी होते. मायदेशाहून थेट, न थांबता प्रवास करून आलेल्यांनाच प्रवेश, असा नियम कॅनडाने १९०८ मध्ये केला होता, आणि भारतातून तशी थेट सोयच नव्हती. दोन महिने जहाज बंदरात अडकलं. पूर्वीपासून इथे राहणारे वीसेक जण आणि आणखी मोजके लोक उतरू शकले, बाकीच्यांना २३ जुलैला परत धाडलं. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज इथे या प्रवाशांवर गोळीबार झाला. संकेतस्थळावर छायाचित्रं, वर्तमानपत्रांची कात्रणं, पत्रं आणि प्रवाशांची यादी असं सगळं एका जागी आहे.

पण तिथे थांबू नका. व्हँकुव्हर शहराच्या अर्काइव्ह्जमध्ये एच. एच. स्टीव्हन्स या खासदाराचे कागद आहेत. जहाज परत पाठवण्यासाठी तो जिवाचं रान करत होता. हे कागद आणि संकेतस्थळावरचे गुरदित सिंग यांच्या बाजूचे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, की तोच एक आठवडा दोन्ही काठांवरून दिसतो. मुलांसमोर मी तेच केलं. एका गटाला एका बाजूचे कागद दिले, दुसऱ्याला दुसऱ्या, आणि दोघांनाही एकाच दिवसाची हकीकत लिहायला सांगितली. इतका गलका त्या वर्गात आधी कधी झाला नव्हता. फ्रेझर व्हॅली विद्यापीठाचं दक्षिण आशियाई कॅनेडियन डिजिटल अर्काइव्ह याला चांगली जोड देतं. घराघरांतून गोळा केलेले फोटो आणि कागद तिथे आहेत, जे सरकारी दप्तरात कधीच आले नसते.

शहराच्या अर्काइव्ह्जबद्दल आणखी थोडं. मेजर जे. एस. मॅथ्यूज हे इथले पहिले अर्काइव्हिस्ट, १९३३ पासून. जुन्या लोकांना गाठून त्यांनी आठवणी उतरवून घेतल्या. ऑगस्ट जॅक खात्साहलानो यांच्याशी झालेल्या त्यांच्या गप्पा तर आवर्जून वाचा, कारण शहर वसण्याआधी त्या किनाऱ्यावर काय होतं हे तिथे राहिलेल्या माणसाच्या तोंडून येतं. अर्थात लेखणी मॅथ्यूज यांच्या हातात होती, हे विसरू नये. जुन्या फोटोंचे स्कॅन मोठ्या आकारात उतरवून घेता येतात. त्यातले पुष्कळसे हक्कमुक्त आहेत, त्यामुळे भित्तिपत्रकांना निर्धास्त वापरता येतात.

घराण्याचा किंवा एखाद्या माणसाचा शोध असेल तर बीसी अर्काइव्ह्जची वंशावळ सूची उघडा. जन्माची नोंद १२० वर्षांनी, लग्नाची ७५ आणि मृत्यूची २० वर्षांनी खुली होते, आणि बहुतेक ठिकाणी मूळ कागदाची प्रतिमाही असते. लाकूडगिरणीत काम करणाऱ्या एका पंजाबी मजुराच्या मृत्यूची नोंद मी वाचली. व्यवसाय, वय, मृत्यूचं ठिकाण, कारण, असे छापील रकाने. बायकोच्या नावाच्या रकान्यात कारकुनाने नुसती रेघ मारली होती. असे कागद एकामागून एक वाचले की इथे बायकामुलांशिवाय राहिलेल्या पिढीचं आयुष्य डोळ्यांपुढे येतं. या लोकांचा मताधिकार १९०७ मध्ये काढून घेतला होता, तो १९४७ मध्ये परत मिळाला. सूचीत एक उणीव मोठी आहे. सुरुवातीच्या दशकांत मूळ रहिवाशांच्या नोंदी फारच तुटपुंज्या आहेत, तेव्हा नाव सापडलं नाही म्हणजे माणूस नव्हता असं समजू नये.

याच कारणाने मूळ रहिवाशांच्या प्रमुखांच्या 'युनियन ऑफ बीसी इंडियन चीफ्स' या संघटनेने खुल्या केलेल्या मॅकेना-मॅकब्राइड आयोगाच्या साक्षी मला फार मोलाच्या वाटतात. १९१३ ते १९१६ या काळात हा आयोग मूळ रहिवाशांच्या राखीव जमिनी ठरवत प्रांतभर फिरला आणि ठिकठिकाणच्या प्रमुखांनी त्याच्यापुढे आपली बाजू मांडली. साक्षी दुभाष्यामार्फत गेल्या, टिपून घेणारा सरकारचा. तरीही आमची जमीन आम्ही कुणाला दिलेली नाही, हे पुन्हा पुन्हा आणि अगदी ठासून ऐकू येतं. १८६१ चा तो खलिता वाचल्यावर लगेच या साक्षी वाचाव्यात.

बाकीची साधनं थोडक्यात. व्हँकुव्हर पब्लिक लायब्ररीच्या १८६० ते १९५५ च्या डिरेक्टऱ्यांत कोण कुठे राहायचं आणि काय करायचं हे वर्षवार मिळतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा चुंग संग्रह चिनी स्थलांतर आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे या दोन्हींसाठी उत्तम. चिनी माणसावर लावलेला डोईपट्टीचा कर १८८५ मध्ये ५० डॉलर होता, तो १९०३ पर्यंत ५०० झाला. त्याची रजिस्टरं ओटावाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत, १९३१ पर्यंतच्या जनगणनाही तिथेच. १९४२ मध्ये किनाऱ्यावरून हलवलेल्या जपानी कॅनेडियनांच्या जप्त आणि विकलेल्या मालमत्तेसाठी व्हिक्टोरिया विद्यापीठाचा 'लँडस्केप्स ऑफ इनजस्टिस' प्रकल्प बघा. कंपनीच्या काळात खोल जायचं असेल तर हडसन्स बे कंपनीचं दप्तर मॅनिटोबात, विनिपेगला आहे. त्यातली कर्मचाऱ्यांची चरित्रपत्रकं नेटवर वाचता येतात.

वर्गणीच्या बाबतीत माझा अनुभव बरा नाही. वंशावळीच्या एका संकेतस्थळाचे मी पैसे भरले. बंद करा म्हणून कळवूनही पुढच्या महिन्याचे पैसे कापले गेले, आणि मला हव्या असलेल्या नोंदींपैकी बहुतेक बीसी अर्काइव्ह्जवर फुकट होत्या. पैसे द्यावेच लागतात ते व्हँकुव्हरच्या मोठ्या दैनिकांच्या जुन्या अंकांसाठी. त्यासाठीही आधी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयात चौकशी करा, सभासदांना तिथून काय काय उघडता येतं ते विचारा.

नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, आधी आपल्या गावाचं नाव ओपन कलेक्शन्समध्ये टाका आणि एका वर्षाचे अंक वाचा. मग त्यातली दोन-चार नावं घेऊन डिरेक्टरी आणि मृत्यूच्या नोंदी बघा. त्यानंतर 'मेमरी बीसी' या सामाईक सूचीत जाऊन जवळच्या छोट्या संग्रहालयात कुठले कागद आहेत ते शोधा आणि तिथे ईमेल करा. छोट्या संग्रहालयांतले लोक मनापासून मदत करतात. काय शोधताय ते एका परिच्छेदात नीट लिहा, सालं द्या, आधी काय पाहून झालं तेही सांगा. जुने कागद वाचायचं काम फोनच्या छोट्या पडद्यावर होत नाही, मोठा पडदा हवाच. आणि सापडलेल्या प्रत्येक कागदाचा संग्रह क्रमांक त्याच क्षणी वहीत उतरवून ठेवा.