साहित्य घ्यावे, तयार प्रकल्प घेऊ नये : महालातील एका दुकानाचा अनुभव

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकापासून जवळच असलेल्या या दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार मांडायची आहे. मात्र त्या भागातील कोणत्याही शाळकरी मुलाला विचारले तर तो बोट दाखवून दुकान सांगेल. वरवर पाहता ते स्टेशनरीचे दुकान आहे, पण प्राथमिक शाळेचे सारे वर्ष तेथे फळ्यांवर मांडून ठेवलेले दिसते : विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात तेव्हा वह्या आणि कव्हरे, श्रावण सरताना तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, हिवाळ्यात स्नेहसंमेलनासाठी भाड्याचे पोशाख आणि बारा महिने प्रकल्पाचे साहित्य. मुलगी तिसरीत गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षे, मी तेथील नियमित ग्राहक आहे.

अशा दुकानांना गर्दी का असते, हे समजून घेण्यासाठी शाळेतील मूल्यमापनाकडे पाहावे लागते. राज्यात २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि तिसरी-चौथीसाठी आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनाला ६० टक्के व संकलित, म्हणजे सत्रअखेरीच्या, मूल्यमापनाला ४० टक्के भारांश ठरला. आकारिक मूल्यमापनाच्या तंत्रांमध्ये तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प यांचा समावेश आहे. मुलाने स्वतः पाहावे, विचारावे, करून बघावे हा त्यामागील हेतू. घरी मात्र त्याचा अर्थ बहुधा ‘उद्या सकाळी पुठ्ठा हवा’ एवढाच उरतो, आणि तोही रात्री नऊ वाजता कळतो.

साहित्याच्या बाबतीत या दुकानाला मी मनापासून चांगले म्हणेन. कार्डशीट, घोटीव कागद, क्रेप कागद, पन्हळी पुठ्ठा, लोकर, काड्या, टिकल्या असे सारे सुटे मिळते. तीन रंगांच्या कागदांसाठी संपूर्ण संच गळ्यात मारला जात नाही. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हापासून आपण थर्माकोल ठेवत नाही असे दुकानदार काका सांगतात आणि मागितल्यास पन्हळी पुठ्ठ्याचे थर चिकटवून डोंगर कसा उठवायचा ते तिथल्या तिथे दाखवतात. ‘काय दाखवाचं आहे बेटा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि तो आईबापांना नव्हे, मुलाला असतो. चमकीच्या डब्या मात्र त्यांनी काउंटरवर इतक्या हाताशी ठेवल्या आहेत की प्रत्येक फेरीला एक तरी घरी येते आणि पुढचे पंधरा दिवस आमच्या जेवणाच्या ताटांत चमकत राहते.

तक्रार आहे ती दुकानाच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या ‘प्रकल्प करून मिळेल’ या सेवेबद्दल. गेल्या वर्षी कार्यालयात कामाचा ताण होता, म्हणून ‘आपल्या परिसरातील नदी’ या विषयाचे मॉडेल मी तेथे बनवायला टाकले. साडेचारशे रुपये दिले आणि दोन दिवसांनी ते हाती आले. काम सफाईदार होते, यात शंका नाही : हिरवे डोंगर, निळी चकचकीत नदी, किनाऱ्यावर नारळाची झाडे आणि शेवटी समुद्रात बुडणारा सूर्य. नागपूरच्या मुलीच्या परिसरात हा समुद्र कोठून आला, हा विचार ना बनवणाऱ्याला सुचला ना मला. वर्गात बाईंनी ‘ही कोणती नदी?’ असे विचारले, तेव्हा मुलीने खरे तेच उत्तर दिले, ‘दुकानातली.’ बाई रागावल्या नाहीत. मॉडेल परत देऊन त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली.

दुसऱ्या वेळी आम्ही त्याच दुकानातून पंच्याऐंशी रुपयांचे साहित्य आणले आणि नाग नदीचा नकाशा घरी केला. ज्या नदीवरून शहराला नाव मिळाले ती लाव्हाच्या टेकड्यांकडून येते, अंबाझरी तलाव तिच्याच वाटेवर आहे, आणि आपण जिला सर्रास नाला म्हणतो ती मुळात नदी आहे, या गोष्टी मुलीला पुस्तकापेक्षा रविवारच्या दोन फेऱ्यांतून अधिक नीट कळल्या. घरातील नळाचे पाणी मात्र नागेचे नसून पेंच आणि कन्हानचे आहे, हे तिला बराच वेळ पटत नव्हते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागेला पूर आला होता. त्या वेळी तळमजल्यात पाणी शिरलेल्या आमच्या परिचयातील एका आजींना तिने सहा प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे जशीच्या तशी लिहून काढली. त्यांपैकी एक उत्तर फक्त ‘आधी गॅसची टाकी वर नेली’ एवढेच आहे आणि सगळ्या प्रकल्पात मला तेच सर्वांत आवडते. नदीसाठी निळी लोकर चिकटवली होती. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, तेथून प्राणहिता आणि गोदावरीतून ते पाणी थेट बंगालच्या उपसागरात जाते. पण पुठ्ठा कन्हानपाशीच संपल्याने तिने उरलेली लोकर कापली नाही, पूर्वेच्या बाजूने तशीच लोंबती ठेवली. मॉडेल वाकडे झाले होते आणि अंबाझरी तलाव प्रमाणाबाहेर मोठा होता, तरी तोंडी प्रश्नांत ती कोठेही अडली नाही.

तान्ह्या पोळ्याच्या बाबतीत याच दुकानाची बाजू अधिक चांगली आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदी सजवून नेतात, त्यात सजावटीला आणि वेशभूषेला बक्षिसे असतात, आणि नंतर घरोघरी बोजारा, म्हणजे मुलांच्या हातावर ठेवले जाणारे पैसे, मागत फिरण्याचा आनंद वेगळाच. दुकानात सजवलेला नंदीही मिळतो आणि कोराही. काका लहान मुलांना कोराच घ्यायला सांगतात, जरी त्यात त्यांचा नफा कमी असावा. बेगड, घुंगरू, झुलीसाठी जरीच्या पट्ट्या सुट्या मिळतात. मुलीने जुन्या ब्लाउजपीसची झूल शिवली, शिंगांना रंग दिला आणि वस्तीतील स्पर्धेत दुसरा क्रमांक मिळवला. तिला बक्षिसाच्या डब्यापेक्षा बोजाऱ्याच्या नाण्यांचे अप्रूप अधिक होते.

पोशाखांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मापे मोजकी आहेत, अनामत रक्कम भाड्याच्या दुप्पट घेतात आणि फेटे धुतलेले असतील याची खात्री नसते. संमेलनाच्या आठवडाभर आधी जाऊन कपडा उजेडात पाहून घ्यावा. प्रमाणपत्रे लॅमिनेट करण्याचे काम स्वस्त आहे, परंतु मूळ प्रत देऊ नये, कारण आमच्या एका चित्रकला प्रमाणपत्रावर हवेचा बुडबुडा कायमचा बसला आहे आणि त्याखाली नेमके मुलीचे नाव आहे. छायाप्रत लॅमिनेट करून मूळ कागद फाइलमध्ये ठेवणे बरे. दुकानात छापील कोरी प्रशस्तिपत्रेही गठ्ठ्याने मिळतात. ती शाळांसाठी आहेत असे म्हणतात.

दुकान संध्याकाळी सहानंतर गजबजते, त्या वेळी काकांना बोलायला सवड नसते आणि तयार मॉडेल पुढे करणे त्यांनाही सोयीचे पडते. म्हणून सकाळच्या वेळी जावे, मुलाला बरोबर न्यावे आणि यादी त्याच्या हातात द्यावी. गाडी लावायला समोर जागा नाही. ती चौकाच्या अलीकडेच लावून चालत गेलेले बरे.