भुईमूग: निवड की किरणं?

भुईमुगाचा नवा वाण घडवायचा तर चांगली झाडं निवडायची, की बियाण्यावर किरणं सोडून नवे गुण आणायचे? जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रातला जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, हा वाण परदेशातून आलेल्या वाणातून निवडलेला. भुईमूग स्वपरागी, म्हणजे फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे चांगल्या झाडाची संतती बरीचशी तशीच उतरते. काम स्वस्त आणि भरवशाचं. पण मुळात जे नाहीच, ते निवडणार कुठून?

ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘स्पॅनिश इम्प्रूव्हड’ या वाणाच्या बियाण्यावर क्ष-किरण सोडले आणि मोठ्या दाण्याची झाडं मिळवली. अर्थात अशा रोपांत पिवळी, खुजी, वांझच जास्त. ती उपटत बसायचं. ट्रॉम्बेचाच टॅग-२४ हा वाण मात्र नुसता किरणांचा नाही, उत्परिवर्तित, म्हणजे किरणांनी गुण बदललेल्या, झाडांच्या वंशजांचा संकर आहे. बुटका, आटोपशीर, उन्हाळी हंगामाला सोयीचा. नवा वाण घडवायला वेळ हाताशी असेल तर माझं मत ट्रॉम्बेच्या वाटेला. घाई असेल तर जळगावच्या.