‘द वाइल्ड रोबॉट’: खाडीकाठच्या प्रेक्षकांनी मोठ्या पडद्यावर पाहावा असा चित्रपट

ख्रिस सँडर्स यांनी लिहून दिग्दर्शित केलेला ‘द वाइल्ड रोबॉट’ हा ड्रीमवर्क्सचा २०२४ मधील ॲनिमेशनपट नवी मुंबईतील एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळच्या खेळाला पाहिला. प्रेक्षकांत लहान मुलांना घेऊन आलेले आईवडीलच अधिक होते आणि शेवटी डोळे पुसणाऱ्यांतही तेच अधिक दिसले. पीटर ब्राऊन यांच्या २०१६ च्या बालकादंबरीवर बेतलेली ही विज्ञानकथा ध्यानीमनी नसताना पदरी आलेल्या मातृत्वाची कथा असल्याने त्यात नवल वाटले नाही.

वादळात सापडलेल्या मालवाहू जहाजातून एक यंत्रमानव निर्मनुष्य बेटावर येऊन पडतो. रॉझम ७१३४, म्हणजेच रॉझ, माणसांची कामे करण्यासाठी बनवलेली आहे. कोणी काम सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि बेटावरचे प्राणी तर तिला पाहताच पळत सुटतात. त्यांची भाषा कळावी म्हणून ती एका जागी बसून नुसती ऐकत राहते, तेव्हा भोवतालची गुरगुर आणि चिवचिव हळूहळू शब्दांत उलगडू लागते. तिच्या धडपडीत हंसाचे एक घरटे चिरडले जाते. त्यातून वाचलेल्या एकुलत्या एका अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू तिलाच आई मानते. त्या पिल्लाला, ब्राइटबिलला, पोटभर खाऊ घालणे आणि हिवाळ्यापूर्वी पोहायला व उडायला शिकवणे हे तिच्या वाट्याला आलेले काम होय. फिंक नावाचा धूर्त कोल्हा या संसारात आधी स्वार्थाने शिरतो आणि मग तिथलाच होऊन जातो.

चित्रपटाचे सर्वांत मोठे यश त्याच्या रेखाटनात आहे. झाडे, खडक, गवत हे सारे कुंचल्याच्या फटकाऱ्यांनी रंगवल्यासारखे दिसते, आणि जवळून पाहिल्यास पानाला काठच नसतो, असतो तो फक्त रंगाचा एक ओघळ. सुरुवातीला या रंगवलेल्या अरण्यात रॉझचे गुळगुळीत, चकचकीत शरीर उपरे वाटते. पुढे तिच्या अंगावर ओरखडे उमटतात, शेवाळ चढते आणि तीही त्याच कुंचल्याने रंगवल्यासारखी दिसू लागते. रॉझला लाभलेला लुपिटा न्योंगो यांचा आवाजही तसाच बदलत जातो. दुकानातील विक्रेत्यासारखा ठरावीक उत्साह असलेला तो आवाज कधी ओलावला, हे नेमके सांगता येत नाही. घरच्या टीव्हीवर हे बारकावे हाती लागणे कठीण आहे.

हंसांच्या स्थलांतराचा प्रसंग तर नवी मुंबईकराला अधिकच भिडावा असा आहे. आपण दर हिवाळ्यात नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर आणि ठाणे खाडीत गुजरातकडून येणारे फ्लेमिंगो पाहतो, २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचा अभिमानही बाळगतो. मात्र ज्या थव्याचे आपण छायाचित्र काढतो, त्यातील प्रत्येक पक्ष्याला कोणीतरी निघण्यापूर्वी तयार केलेले असते, हा विचार सहसा मनात येत नाही. चित्रपटात थवा उठतो तेव्हा रॉझ पिल्लासोबत कड्याच्या टोकापर्यंत धावत जाते. पुढे तिला जाता येत नाही. क्रिस बॉवर्स यांचे संगीत त्या क्षणी सारे सभागृह व्यापून टाकते, आणि शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मूल परगावी पाठवलेल्या प्रत्येक घराला तो निरोप ओळखीचा वाटेल. त्याच प्रवासात पाण्याखाली गेलेला सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल दिसतो. कोणतेही पात्र त्यावर चकार शब्द काढत नाही, आणि समुद्र चढलेल्या जगाविषयी एवढे सांगणे पुरेसे ठरते. भरतीची वेळ पाहून पावसाळ्याची काळजी करणाऱ्या शहरात ते चित्र मनावर अधिक भार टाकते.

या परिणामाला चित्रपटगृहानेच एके ठिकाणी धक्का दिला, याचे वाईट वाटते. अवघ्या १०२ मिनिटांच्या चित्रपटाला उड्डाणाचे धडे चालू असतानाच मध्यंतर घेतले गेले. दिवे लागले, जाहिराती मोठ्या आवाजात सुरू झाल्या आणि जमून आलेला भाव पुन्हा जुळायला वेळ लागला. ध्वनिव्यवस्था मात्र उत्तम होती. वाऱ्याची आणि पंखांची सळसळ मागच्या रांगेतही स्पष्ट ऐकू येत होती.

उत्तरार्धातील संघर्ष मला घाईचा वाटला. रॉझला परत न्यायला आलेली यंत्रे आणि त्यांच्याशी होणारी झुंज नेत्रदीपक आहे, पण पूर्वार्धातील संथ, निरीक्षक दृष्टी तिथे हरवते. त्याआधीचा हिमवादळाचा प्रसंग कितीतरी सरस आहे: शिकारी आणि शिकार एकाच छपराखाली रात्र काढतात, आणि तो तह टिकेल की नाही, ही धाकधूक अस्वलाच्या एका श्वासातून कळते.

लहान मुलांना नेणाऱ्या पालकांनी एवढे लक्षात ठेवावे की, हा चित्रपट मृत्यूविषयी आडपडदा ठेवत नाही. घरटे चिरडल्याचे सत्य ब्राइटबिलला समजते तेव्हा माझ्या शेजारच्या मुलीने आईचा हात घट्ट धरला आणि हळू आवाजात प्रश्न विचारायला सुरुवात केली. ते प्रश्न येणारच. सहा-सात वर्षांपुढील मुलांना अवश्य न्यावे, शक्यतो मधल्या रांगांची तिकिटे काढावीत, आणि चित्रपट सुटल्यावर लगेच कुठे पोहोचायची घाई ठेवू नये.