रिकाम्या खुर्च्यांचा हिशोब कुठं मागायचा? खासदारांचा प्रश्न की स्थायी समितीचा अहवाल

आमच्या गडप्रेमी ग्रुपमधे सध्या एकच विषय चाललाय. पन्हाळा जुलै २०२५ मधे युनेस्कोच्या यादीत गेला, लई अभिमानाची गोष्ट, पण गड सांभाळायचा केंद्राच्या पुरातत्त्व खात्यानं, तर त्या खात्याकडं माणसं किती, पैसा किती येतो आणि त्यातला खर्च किती होतो हे विचारायचं कुणाला? अर्धे म्हणतात खासदारांना गाठून लोकसभेत प्रश्न टाकूया, अर्धे म्हणतात ते संसदेच्या स्थायी समितीचं काय असतंय ते बघूया. मी दोन्ही वाटा चालून बसलोय, दुसऱ्या एका खात्यासाठी, म्हणून जे अनुभवलं ते लिहितो. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

माझी सुरुवात आईच्या कामापासनं झाली. आपल्या कोल्हापुरातलं एक केंद्र सरकारी ऑफिस, नाव घेत नाही. पाच टेबलं, माणसं दोन. तिसऱ्या खेपेला मी त्या क्लार्कच्या समोर बसलो होतो तेव्हा त्यानं ड्रॉवर उघडला, आत तीन वेगवेगळ्या टेबलांचे शिक्के. एका कागदावर एक मारला, पॅड सरकवलं, दुसऱ्या कागदावर दुसरा मारला, आणि मधेच उठून बाजूच्या रिकाम्या टेबलावरचा फोन घेऊन आला. मला त्या माणसाचा राग आला नाही हो, तिघांचं काम एकटा ओढत होता बिचारा. घरी येताना डोक्यात एकच, बाकीच्या दोन खुर्च्या मंजूर असतील ना कागदावर? मग त्या भरत का नाहीत?

मग पहिली वाट धरली, प्रश्नाची. एका खासदारांच्या ऑफिसात गेलो, तिथल्या पीएनं नीट ऐकून घेतलं. प्रश्न थोडक्यात बसवावा लागतो, १५० शब्दांच्या आतबाहेर, म्हणून आम्ही चार भाग केले: मंजूर पदं किती, भरलेली किती, रिकामी किती वर्षांपासून, आणि कधी भरणार. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. तारांकितमधे, म्हणजे मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्यात, नंबर लागायचा तर बॅलटवर म्हणजे सोडतीवर भरवसा, लोकसभेत दिवसाला २० च तारांकित आणि त्यातलेही मोजकेच तोंडी होतात. आमचा गेला अतारांकितमधे, म्हणजे फक्त लेखी उत्तराच्या यादीत, दिवसाला २३० असतात त्यातला एक. तरी वेग मानला पाहिजे, महिन्याभरात थेट मंत्र्यांच्या सहीनं उत्तर, ते पण सभागृहात ठेवलेलं, म्हणजे खोटं लिहायची कुणाची सहसा हिंमत होत नाही. ही प्रश्नाची मोठी जमेची बाजू आहे आणि ती मी कमी लेखत नाही.

पण उत्तर हातात आलं आणि तिथंच माझं मन फिरलं. आम्ही चार भाग केले होते ना, उत्तराच्या सुरुवातीलाच "(अ) ते (ड)" असं एकत्र बांधलेलं आणि खाली एक परिच्छेद. देशभराचे मंजूर आणि भरलेल्या पदांचे दोन आकडे, आणि मग ते वाक्य: पदं रिक्त होणं आणि भरली जाणं ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे. बस्स. कधीपासून रिकामी, त्याचं उत्तर नाही. कधी भरणार, त्याचंही नाही. आणि चारही भाग एकत्र बांधल्यामुळं कुठल्या भागाचं उत्तर दिलं नाही हे बोट ठेवून दाखवता पण येत नाही. मी नंतर हौसेनं दुसऱ्या खात्यांची जुनी उत्तरं काढून वाचत बसलो तर हे वाक्य इतक्या ठिकाणी भेटलं की आता मला ते पाठ झालंय. अतारांकितला पुरवणी प्रश्न विचारता येत नाही. म्हणजे "अहो, निरंतर म्हणजे काय, तारीख सांगा" हे विचारायची सोयच नाही, पुढच्या अधिवेशनात परत नवा प्रश्न, परत नवा नंबर. उत्तरात "माहिती गोळा केली जात आहे" असं आलं असतं तर एक वेळ बरं, ते आश्वासन धरलं जातं आणि आश्वासन समिती त्याच्या मागं लागते. निरंतर प्रक्रियेच्या मागं लागणार कोण?

वर्षभरानं दुसरी वाट सापडली. विभागवार स्थायी समित्या १९९३ पासनं आहेत, आधी १७ होत्या, २००४ पासनं २४. प्रत्येकीत ३१ जण, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०, सगळ्या पक्षांचे, मंत्री मात्र कुणी नाही. बजेट मांडलं की अधिवेशनाला मधे सुट्टी असते ना, त्या दिवसांत ह्या समित्या एकेका मंत्रालयाच्या अनुदान मागण्या, म्हणजे खर्चासाठी संसदेकडं मागितलेले पैसे, घेऊन बसतात आणि सेक्रेटरीला समोर बोलावतात. आपल्याकडं पंचायत राज समिती येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत जशी तयारी चालते, साधारण तसंच, फक्त दिल्लीत आणि बंद दाराआड. आणि ह्याला महत्त्व का, तर सभागृहात बहुतेक मंत्रालयांच्या मागण्यांवर चर्चाच होत नाही, शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून सगळ्या एकदम मंजूर होतात. म्हणजे त्या खात्याच्या पैशाला नीट हात लावून बघणारी जागा म्हटली तर मुख्यतः ही समितीच.

माझ्या त्या खात्याचा अहवाल मी एका रविवारी उघडला, इंग्रजीत होता, जड गेला, दोनदा वाचावा लागला. पण त्यात पदांचा तक्ता होता, हुद्द्याप्रमाणे, मंजूर-भरलेली-रिक्त. शेजारी पैशाचे तीन कॉलम, बजेटला किती धरले, सुधारित अंदाजात किती उरले, प्रत्यक्षात किती गेले. हे तीन आकडे शेजारी ठेवले की बरंच कळतं. वर्षाच्या मधेच पैसे कापले गेले असतील तर पहिल्या दोन कॉलमात दिसतं, पैसे होते पण वापरायला माणूस नव्हता तर शेवटच्या दोनांत दिसण्याची शक्यता जास्त. शिवाय अर्थमंत्रालयाची मर्यादा आहे, शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि एकट्या मार्चमधे १५ टक्क्यांच्या वर खर्च नको, ती पाळली का हे पण समित्या विचारतात. आणि मला सगळ्यात जे हवं होतं ते म्हणजे समितीनं खात्याला उलट विचारलेलं, पदं का भरली नाहीत, फाइल कुणाकडं अडकलीय, आणि खात्याचं उत्तर शब्दाला शब्द छापलेलं. तिथं पण आधी निरंतर प्रक्रिया होतीच! पण समितीनं ते तिथं सोडलं नव्हतं, खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं की हे उत्तर पटत नाही, कालमर्यादा द्या.

आता पन्हाळ्याकडं येतो, कारण पुरातत्त्व खात्यावर असा अहवाल आहे आणि ग्रुपमधल्या प्रत्येकानं तो वाचावा. २०१३ मधे कॅगनं, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेनं, १,६५५ स्मारकं प्रत्यक्ष जाऊन तपासली, त्यात ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढं डिसेंबर २०२२ मधे परिवहन, पर्यटन आणि संस्कृतीच्या समितीनं ते ९२ परत वर काढलं: ४२ सापडली, ५० नाहीत, त्यातली १४ शहरं वाढण्यात गेली, १२ धरणाखाली, आणि २४ चा पत्ताच नाही. आणि लगेच माणसांवर आले. स्मारकांच्या राखणीला ७,००० माणसं लागतात, दिलीत २,५७८, ती पण २४८ ठिकाणी, कारण पैसे कमी. देशात संरक्षित स्मारकं साडेतीन हजारांच्या वर आहेत, म्हणजे बाकीच्या ठिकाणी काय असेल ह्याचा अंदाज आपला आपण करायचा. नऊ वर्षांपूर्वीचा आकडा धरून ठेवून कुणीतरी परत विचारलं ह्याचं मला खरंच बरं वाटलं. पन्हाळ्याच्या तीन दरवाजातनं आत जाताना मला आता हे २,५७८ आठवतं.

समितीच्या उणिवा पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. मागण्यांवरचा अहवाल वर्षातनं एकदा. आणि मुख्य म्हणजे तुमच्या गावाचा आकडा त्यात बहुतेक मिळत नाही, पन्हाळ्यावर पहारेकरी किती हे समितीच्या अहवालात शोधू नका. त्यासाठी माहिती अधिकार बरा, दहा रुपयांचा अर्ज आणि ३० दिवस. किंवा मग खासदारांचा प्रश्न, फक्त चार भाग करू नका, एकच भाग ठेवा आणि तारीख मागा, म्हणजे गुंडाळायला जागा राहत नाही. एका ठिकाणचा एकच आकडा आणि तो लवकर हवा असेल तर प्रश्नच टाका, माझी हरकत नाही.

पण खातं असं का झालंय हे समजून घ्यायचं असेल आणि दोन-चार वर्षं मागं लागायची तयारी असेल, हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी आपली वकील मंडळी लागली तशी, तर माझ्या मते समितीकडनं सुरुवात करावी. शिफारशीवर सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर परत समितीचा कारवाई अहवाल येतो. त्याचा चौथा चॅप्टर आधी उघडा, सरकारचं जे उत्तर समितीला पटलं नाही ते सगळं तिथं असतं. समिती एखादा विषय सविस्तर घेते तेव्हा कधी कधी जाहिरात देऊन लोकांकडनं निवेदनं पण मागवते, ती जाहिरात दिसली की दोन पानी का होईना पण आकड्यांसकट पाठवायचं.

मी रविवारी २०२२ च्या त्या अहवालाची प्रिंट घेऊन येतो, रंकाळ्यावर नेहमीच्या जागी, सकाळी आठला. पहारेकऱ्यांच्या पानाला खूण घालून ठेवलीय. कुणाला इंग्रजी जड जात असेल तर बसून वाचू एकत्र, आणि पन्हाळ्यासाठी माहिती अधिकारात नेमकं काय मागायचं ते तिथंच लिहून काढू.