नवा कॅम, जुने बुश आणि तो लाल दिवा: आठ महिन्यांनंतर

जुन्या गाडीच्या इंजिनात नवा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) बसवून आठ महिने झाले. त्याचा पहिला भाग मी तिसऱ्या महिन्यात लिहून ठेवला होता. आता वाचताना त्यातल्या एका मुद्द्यावर मी ठार चुकलो होतो हे दिसतंय, पण खोडत नाही. पुढे दुरुस्ती दिली आहे.

गाडी २ लाख ९० हजार किलोमीटर चाललेली. पुशरॉडवालं पेट्रोल इंजिन, म्हणजे कॅम खाली ब्लॉकमध्ये आणि लांब सळया (पुशरॉड) वरचे रॉकर हलवून व्हॉल्व्ह उघडतात. गाडी मिसिंग मारायला लागली, जोर दिला की कार्ब्युरेटरमधून फटफट आवाज. प्लग बदलले, कॉइल बदलली, कार्ब्युरेटर दोनदा साफ केला. शेवटी मिस्त्रीने टॅपेट कव्हर काढून इंजिन हाताने फिरवलं, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्टचा रॉकर नुसता मान हलवताना दिसला. पुशरॉडवर डायल गेज लावलं. बाकीचे साडेसहा मिमी उचलत होते, हा जेमतेम तीन. जळालेला गॅस बाहेर जायला वाटच नाही, मग तो इनटेकमधून उलटा फटफटणार नाही तर काय!

मिस्त्री म्हणाला, "साहेब, इंजिन खाली घेऊ. कॅमच्या उंचवट्याचा, लोबचा, एवढा कीस निघाला, तो ऑइलबरोबर सगळीकडे फिरलाय. कॅम ज्यांत फिरतो ते बुश, खालच्या क्रँकची मेन आणि बिग एंड बेअरिंगं, सगळं बघू."

मी म्हणालो, "फक्त कॅम."

एवढ्या जुन्या गाडीत किती पैसे घालायचे? माझं तर टॅपेटसुद्धा (लोब आणि पुशरॉड यांच्या मधले ठोकळे) जुनेच ठेवायचं चाललं होतं. दिसायला चकचकीत होते. मिस्त्रीने काही न बोलता एक टॅपेट पुसला, त्याच्या तळावर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडासमोर नेला. मधोमध बारीक फट. नवा टॅपेट धरला तर पट्टी मध्यावर टेकून दोन्ही बाजूंना डुलत होती. टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोबला किंचित उतार असतो, म्हणून टॅपेट फिरत राहतो आणि घासणी एकाच जागी होत नाही. बशीसारखा खोलगट झालेला टॅपेट नव्या लोबवर ठेवला तर लोब बघता बघता जातो. टॅपेट नवे घेतले. या सगळ्या कामात वेळेवर सुचलेली अक्कल तेवढीच, आणि तीही माझी नव्हे.

रेडिएटर, चेन कव्हर, चेन, मग कॅम. पुढच्या टोकाला लांब बोल्ट पिळून त्याचा दांडा करायचा आणि कॅम फिरवत फिरवत ओढायचा, नाहीतर लोबची धार बुशवर ओरखडा काढते. रिकाम्या बोगद्यात टॉर्च मारला तर मधल्या बुशवर पांढऱ्या धातूच्या राखाडी थरातून खालच्या स्टीलचा नखाएवढा पट्टा चमकत होता. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं, मी टॉर्चकडे.

बुश जागेवर का बदलत नाहीत, हे तेव्हा कळलं. ते ठोकायला खास हत्यार लागतं, मागचं झाकण फ्लायव्हीलच्या आड असतं, आणि बुशचं भोक ब्लॉकच्या भोकाशी जुळलं नाही तर ऑइलच बंद. म्हणजे इंजिन उतरवून रिकामंच करायचं. नको म्हटलं.

नवा कॅम, सोबतची काळी पेस्ट लोबवर थापून, बसवला. चेनच्या खुणा जुळवल्या. पहिल्या स्टार्टला स्लोवर (ॲक्सिलरेटर न देता) ठेवायचं नाही, २००० ते २५०० आरपीएमवर वीस-तीस मिनिटं. लोबवर ऑइल उडतं ते क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) फिरण्याने, आणि स्लोमध्ये ते पुरेसं उडत नाही. कानात बोटं घालून उभा राहिलो. मग ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलले. फिल्टर कापून बघितला, करडी लव होती, चमकणारे कण नव्हते.

गाडीबद्दल बोलायचं तर, उडाली! चढावर तिसऱ्यात जायची ती चौथ्यात जायला लागली. कॅमला पाच तारे.

आणि मग तो दिवा.

गरम इंजिन, सिग्नलला थांबलेलो, ऑइलचा लाल दिवा लुकलुकतोय. थोडं ॲक्सिलरेटर दिलं की गायब. मी गाडी चालवणं सोडून दिवा चालवायला लागलो. शेजारी बायको, "अहो, सिग्नल सुटला!" माझं लक्ष दिव्यावर. स्विच बिघडला असेल म्हणून नवा स्विच घातला. दिवा तसाच. मग मेकॅनिकल गेज जोडलं: गरम स्लोला ०.४ बार, ३००० ला २.२. जुना हिशोब दर हजार आरपीएमला १० पीएसआयचा, म्हणजे ३००० ला २ बार पुरतात. ते होतं. पण स्लोचा आकडा डोक्यातून जाईना. तिसऱ्या महिन्यात मी छातीठोकपणे लिहिलं होतं: "घासलेल्या बुशवर नवा कॅम टाकू नका, सगळं प्रेशर कॅमच्या बुशमधून जातं."

चौथ्या महिन्यात २०डब्ल्यू-५० ऑइल घातलं. स्लोला ०.७, दिवा बंद. शिवाय अशा घासत चालणाऱ्या टॅपेटला झीज टाळायला लागणारं झिंक-फॉस्फरस या जाड ग्रेडमध्ये जास्त ठेवता येतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) वाचवायला फॉस्फरसवर २००४ नंतर जी ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली, ती पातळ ग्रेडना आहे. पण सकाळी गार इंजिन सुरू केलं की दोन-तीन सेकंद टॅपेटची टकटक. जाड ऑइल वर चढायला वेळ घेतं. दिवा गेला आणि ती टकटक मोजायला लागलो.

सहाव्या महिन्यात चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) गॅस्केटमधून ऑइल गळायला लागलं. चेंबर उतरवणारच होतो, तर मिस्त्री म्हणाला, एक मेन कॅप (मेन बेअरिंगचं खालचं झाकण) काढून बघू. खालच्या अर्ध्या बेअरिंगवर तांबं उघडं पडलेलं. बिग एंडचे वरचे अर्धे तसेच. क्रँकवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मोजायचा मऊ धागा दाबून पाहिला: ०.१२ मिमी फट. कॅमचा कीस इथे येऊन बसला होता आणि मी तिकडे बुशला शिव्या घालत होतो.

मेनचे वरचे अर्धे काढायला इंजिन उतरवावं लागेल असं मी धरून चाललो होतो. मिस्त्रीने स्प्लिट पिन वाकवून चपटी केली, क्रँकच्या ऑइलच्या भोकात खोचली, क्रँक हळूहळू फिरवला, आणि बेअरिंग ड्रॉवरसारखं सरकत बाहेर आलं. नवं त्याच वाटेने आत. फट ०.०६. गरम स्लोला १.२ बार, ३००० ला ३.१. कॅमचे बुश तेच, स्टीलच्या चमकत्या पट्ट्यासकट.

तेव्हा तिसऱ्या महिन्यातलं वाक्य मागे घेतो. बुशमधून प्रेशर जातं, पण माझ्या इंजिनात मोठी गळती खाली होती. इंजिन गाडीतच ठेवून कॅम बदलणार असाल तर त्याच वेळी चेंबर उतरवून निदान एक कॅप काढा. मी ऑइल, गॅस्केट आणि मजुरी दोनदा भरली, आणि मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं हे तो अजून एकदाही बोललेला नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

आता ११ हजार किलोमीटर झालेत. टॅपेटची गॅप दोनदा तपासली, फिलर गेज आहे तसंच सरकतं. सकाळची टकटक कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. जुना ऑइल स्विच डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे. तो कधी बिघडलेलाच नव्हता, म्हणून टाकवत नाही.