सिम८००एल मोड्यूल: अकरा महिन्यांच्या वापरानंतर बदललेले मत

टाकीतील पाण्याची पातळी दर पंधरा मिनिटांनी कळवणारे एक छोटे यंत्र मी अकरा महिन्यांपूर्वी बांधले. टाकी घरापासून दूर आहे आणि तिथे वायफाय पोहोचत नाही, म्हणून ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डाला सिम८००एल हे सिमकार्ड घालून मोबाइलच्या जाळ्यावर बोलणारे २जी मोड्यूल जोडले. मोड्यूलची प्राथमिक माहिती वाचकांना असेलच असे धरून मी थेट अनुभवाकडे येतो. हा अनुभव लिहायला बसलो तेव्हा या मोड्यूलला मी नापास ठरवणार होतो. आता तसे म्हणणार नाही, पण का म्हणणार नाही हे सांगण्यासाठी मला जवळजवळ पूर्ण लेखभर एकाच गोष्टीविषयी बोलावे लागेल, आणि ती गोष्ट म्हणजे वीजपुरवठा.

घरातल्या टेबलावर यंत्र तीन आठवडे एकही चूक न करता चालले. टाकीपाशी नेऊन बसवल्यावर दुसऱ्याच दिवसापासून नोंदी गळू लागल्या. कधी दिवसात दोन, कधी सलग सहा तास काहीच नाही. मी प्रोग्रॅममध्ये अशी सोय केली होती की तीनदा उत्तर आले नाही तर मोड्यूलची रीसेट पिन खाली ओढून ते पुन्हा सुरू करावे. या सोयीमुळे यंत्र आपोआप सावरत राहिले आणि मूळ बिघाड कित्येक आठवडे माझ्या लक्षातच आला नाही. अशी सोय असावीच, पण ती किती वेळा वापरली गेली याची मोजणीही नोंदीत पाठवावी, हे मला फार उशिरा सुचले.

मी मोड्यूल सदोष आहे असे ठरवून विक्रेत्याकडे तक्रार केली. त्यांचे उत्तर असे की त्यांच्या टेबलावर ते व्यवस्थित चालते. चार पत्रे गेली, तीन आठवडे गेले, शेवटी बदली मोड्यूल आले आणि तेही टाकीपाशी तसेच वागले. त्या क्षणी मी अतिशय चिडलो होतो. आज मागे वळून पाहताना मान्य करावे लागते की विक्रेत्याचे म्हणणे खरे होते: मोड्यूल चांगलेच होते. मात्र त्यांच्या विक्रीच्या पानावर ‘१ अँपिअरचा पुरवठा पुरेसा’ असे छापलेले आहे, आणि ती माझी तक्रार आजही कायम आहे, कारण माझा सगळा खटाटोप त्या एका वाक्यापासून सुरू झाला.

खरी परिस्थिती अशी आहे. सिम८००एलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि प्रक्षेपणाच्या क्षणी ते २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढते. जीएसएममध्ये, म्हणजे २जीच्या पद्धतीत, प्रक्षेपण सलग होत नाही, ४.६१५ मिलिसेकंदांच्या चौकटीत आठ कप्पे असतात आणि मोड्यूल त्यांपैकी साधारणपणे एका कप्प्यात, म्हणजे सुमारे ५७७ मायक्रोसेकंद बोलते. म्हणून बोलणे चालू असतानाही सरासरी प्रवाह पाव अँपिअरच्या आसपास दिसतो आणि मल्टीमीटर निश्चिंतपणे ४ व्होल्ट दाखवतो. मल्टीमीटर चुकत नाही, तो सरासरी सांगतो. मोड्यूल मात्र सरासरीवर चालत नाही, ते त्या अर्ध्या मिलिसेकंदातल्या व्होल्टेजच्या खड्ड्यात पडून बंद होते. जुन्या रेडिओजवळ मोबाइल ठेवल्यावर जी घुर्रघुर्र ऐकू येते ती याच कप्प्यांची, सेकंदाला सुमारे २१७ वेळा होणारी धडधड असते.

टेबलावर चालते आणि टाकीपाशी चालत नाही, याचा उलगडाही इथेच होतो. मोबाइलचा मनोरा जवळ असेल आणि सिग्नल चांगला असेल तर जाळे उपकरणाला हळू बोलण्याची आज्ञा देते. सिग्नल क्षीण असेल तर पूर्ण जोराने, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यात २ वॉटपर्यंत बोलावे लागते. सिग्नलची ताकद विचारणारी एटी+सीएसक्यू ही आज्ञा मोड्यूलला दिल्यावर टेबलावर २२ हा आकडा मिळत होता आणि टाकीच्या पायथ्याशी ९. हा आकडा दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम या एककातील सिग्नलची ताकद मिळते. म्हणजे एका ठिकाणी उणे ६९ आणि दुसऱ्या ठिकाणी उणे ९५. विक्रेत्याच्या टेबलावरही बहुधा असाच चांगला सिग्नल असावा.

व्होल्टेजचे क्षणोक्षणीचे चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप असता तर हे दहा मिनिटांत दिसले असते. एका यंत्रासाठी तो विकत घेणे मला पटेना, आणि या काटकसरीतूनच या अकरा महिन्यांतला सर्वांत आनंदाचा शोध लागला. आर्डुइनो ऊनो या छोट्या बोर्डाला ॲनालॉग पिन, म्हणजे तिच्यावरचे व्होल्टेज, वाचायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे एका प्रक्षेपणात पाचेक वाचने हाती येतात. मोड्यूलचा पुरवठा ५ व्होल्टपेक्षा कमी असल्यामुळे मधे व्होल्टेज कमी करणारा विभाजक लावण्याचीही गरज नाही. दोन्हींचा ग्राउंड जोडायचा, एक तार मोड्यूलच्या पुरवठ्याच्या पिनेवर टेकवायची, सतत वाचत राहायचे आणि फक्त आतापर्यंतचे सर्वांत कमी मूल्य जपून ठेवायचे. दहा-बारा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये हे काम होते.

मी दोन ठिकाणी मोजले. मोड्यूलला वीज पुरवणाऱ्या कन्व्हर्टरच्या टोकाशी किमान व्होल्टेज ३.९ आले आणि त्याच वेळी मोड्यूलच्या पिनांवर ३.२. कन्व्हर्टर आपले काम नीट करत होता! उरलेले ०.७ व्होल्ट दोन बारीक जंपर वायर आणि ब्रेडबोर्डच्या (सोल्डरशिवाय तारा खोचायच्या पाटीच्या) सैल पकडी यांनी गिळले होते. २ अँपिअरला ०.७ व्होल्ट म्हणजे अवघा ०.३५ ओहमचा रोध, आणि अशा जोडणीत तो सहज जमतो. एटी+आयपीआर ही आज्ञा वापरून बॉड रेट, म्हणजे बोर्ड आणि मोड्यूल यांच्यातील संवादाचा वेग, ९६०० वर पक्का केल्यावर नोंदीत आणखी एक पुरावा दिसू लागला: संदेश पाठवण्याच्या मधोमध अचानक ‘आरडीवाय’ ही ओळ. मोड्यूल नुकतेच सुरू झाल्यावर ती येते. ती मधेच दिसली, की मोड्यूल तेवढ्यात बंद पडून पुन्हा उठले आहे असे समजावे. बॉड रेट आपोआप ओळखण्याच्या मूळ मांडणीत ही ओळ येतच नाही, त्यामुळे आधी मला ती कधी दिसली नव्हती.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो, तो म्हणजे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग) लावा. मी तो आधीच लावला होता, पण मांडणी सुटसुटीत दिसावी म्हणून कन्व्हर्टरच्या बाजूला, म्हणजे जिथे त्याची गरज नव्हती तिथे. तो मोड्यूलच्या पिनांना चिकटवून लावल्यावर किमान मूल्य ३.२ वरून ३.४५ वर आले. सुधारणा झाली, तरी मर्यादेच्या अगदी काठावर. कागदावर हिशेब केला तेव्हा कारण कळले: २ अँपिअर गुणिले ५७७ मायक्रोसेकंद म्हणजे सुमारे १.१५ मिलिकूलोम, आणि एवढा विद्युतभार एकट्या १००० मायक्रोफॅरडने द्यायचा तर त्याचे व्होल्टेज १.१५ ने पडते. कपॅसिटर मदतनीस आहे, पुरवठ्याची जागा घेणारा नाही. मग ब्रेडबोर्ड काढून टाकला, कन्व्हर्टर आणि मोड्यूल शेजारी ठेवून बोटाच्या पेरापेक्षा आखूड अशा जाड तारा सोल्डर केल्या, कपॅसिटर दोन केले आणि अँटेना टाकीच्या माथ्यावर नेली. सिग्नलचा आकडा ९ वरून १७ झाला आणि किमान व्होल्टेज ३.८. त्यानंतरच्या चार महिन्यांत रीसेटची मोजणी शून्यावरून हलली नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सिमकार्डावरील पिन, म्हणजे कुलपाचा क्रमांक, सिम बसवण्याआधी काढून टाकावा. मोड्यूलची तर्कपातळी, म्हणजे संदेशांच्या तारांवरील व्होल्टेज, २.८ व्होल्टची असल्यामुळे ५ व्होल्टच्या बोर्डाची तार थेट जोडू नये. अँटेनाचा यू.एफएल जोड सुमारे ३० वेळा काढण्या-घालण्यापुरताच बनवलेला असतो, म्हणून चाचणीच्या काळात तो उगाच उचकटू नये. डेटा वाचवायचा असेल तर दर नोंदीसाठी नवी सुरक्षित जोडणी उघडू नये. माझी नोंद ४० बाइटची आणि जोडणी जुळवण्याच्या हस्तांदोलनाचा खर्च काही किलोबाइटचा, हे कळल्यावर मी छोटे संदेश पाठवण्याच्या एमक्यूटीटी या पद्धतीवर आलो आणि जोडणी उघडी ठेवू लागलो.

इथवर सिम८००एलवर मी समाधानी होतो, तरीही आता टाकीपाशी ते नाही. कारण त्याच्या गुणदोषांत नसून २जीच्या भवितव्यात आहे. अमेरिकेत एटी अँड टीने १ जानेवारी २०१७ रोजी आपले २जी जाळे बंद केले, इतर देशांतही ते टप्प्याटप्प्याने बंद होत आहे. जे यंत्र बसवून पाच वर्षे विसरायचे आहे त्यात नव्याने २जी घालणे मला योग्य वाटत नाही. म्हणून सिम७६०० मालिकेतील एलटीई (४जी) कॅट-१ मोड्यूल घेतले. वेगवेगळी मोड्यूल चालवणारी टायनीजीएसएम ही तयार लायब्ररी वापरत असल्यामुळे प्रोग्रॅममध्ये मोड्यूलचे नाव सांगणारी एक ओळ आणि सुरू करण्याची पद्धत एवढेच बदलावे लागले. मोड्यूलला दिल्या जाणाऱ्या एटी आज्ञांचा हा घाट १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आला आहे आणि चाळीस वर्षांनंतरही त्याचा असा उपयोग होतो, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

एलटीईत मोड्यूलची प्रक्षेपणशक्ती २३ डीबीएम, म्हणजे ०.२ वॉट असते. २जीच्या एक दशांश. पुरवठ्याचा प्रश्न कायमचा मिटला असे मला वाटले होते, पण पहिल्याच आठवड्यात किमान व्होल्टेज पुन्हा एकदा ३.५ पर्यंत घसरले. सिग्नल क्षीण होताच मोड्यूल स्वतःहून २जीवर उतरले होते आणि तिथे तेच २ अँपिअर मागत होते. एटी+सीएनएमपी=३८ ही आज्ञा देऊन त्याला केवळ एलटीईवर बांधल्यावर ते थांबले. ज्यांच्याकडे एलटीईचे आच्छादन खात्रीचे आहे त्यांनी हे आधीच करावे. इतरांनी पुरवठा २ अँपिअरचा धरूनच बांधणी करावी.

चाचणीचा ऊनो काढून घेतला आणि त्याच एटीमेगा३२८ चिपचा एक छोटा बोर्ड खोक्यात कायमचा ठेवला आहे. आता पाण्याच्या पातळीसोबत दर पंधरा मिनिटांनी त्या अवधीतले किमान व्होल्टेजही माझ्याकडे येते. गेल्या महिन्यात ते ३.८१ च्या खाली गेले नाही. ज्या दिवशी ३.६ दिसेल त्या दिवशी मी मोड्यूल न बदलता आधी जोड तपासायला जाईन.