दाखवली एक काच, बांधून दिली दुसरी

प्रदर्शनातल्या स्टॉलवरून काचेची किटली घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. समोर गॅसवर उकळणारी किटली आणि खोक्यात बांधून हातात मिळणारी किटली या दोन वेगवेगळ्या काचांच्या असू शकतात. आमच्या बाबतीत तसंच झालं. हजार-बाराशे रुपये गेले एवढ्यावर निभावलं असतं तर मी लिहायला बसले नसते. सासूबाईंचा पाय भाजला, म्हणून लिहिते आहे.

दिवाळीनंतर नाशिकमध्ये एका मैदानावर गृहोपयोगी वस्तूंचं प्रदर्शन लागलं होतं. मी आणि जाऊबाई गेलो होतो. किटलीच्या स्टॉलवर सगळ्यात जास्त गर्दी. विक्रेत्याने छोट्या शेगडीवर काचेची किटली ठेवली होती, आत जाळीच्या नळीत गवती चहा, पाणी खळखळ उकळतंय. त्याने किटली उचलली आणि सगळ्यांसमोर बाहेरून बर्फाचं पाणी ओतलं. काही झालं नाही. मग स्टीलच्या चमच्याने टकटक वाजवून दाखवली. "ताई, लॅबमध्ये जी काच वापरतात तीच ही, बोरोसिलिकेट. आयुष्यभर बघायला नको." जाऊबाईंनी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला, घरी दाखवायला म्हणून. तो व्हिडिओ पुढे फार उपयोगी पडला.

मी म्हटलं, मला हीच द्या. तर म्हणाला, "डेमोचा पीस हाताळलेला असतो, तुम्हाला नवा कोरा सीलबंद देतो." खोकं उघडून दाखवा म्हटल्यावर, "सील फोडलं की वॉरंटी जाते, आत थर्माकोल घट्ट बसवलेला असतो, परत बसत नाही." आम्ही हटून बसलो तेव्हा त्याने टेबलाखालून आधीच उघडलेलं एक खोकं काढलं आणि त्यातली किटली हातात दिली. ती अगदी डेमोसारखीच होती, पातळ आणि हलकी. मग आमच्यासाठी मागच्या ढिगातलं टेप लावलेलं खोकं आलं. सगळी मेख याच अदलाबदलीत आहे. गिऱ्हाईक कितीही चौकस असलं तरी त्याला दाखवायला एक चांगला नग टेबलाखाली तयार असतोच.

खोक्यावर ३,२०० रुपये एमआरपी, 'प्रदर्शन ऑफर' म्हणून १,२००. बिल मागितलं तर 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी फाडून दिली. त्यावर स्टॉल नंबर, एक मोबाइल नंबर आणि खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला. हे सरळसरळ खोटं आहे. एमआरपीमध्ये सगळे कर धरलेले असतात, त्यावर वेगळा कर लावताच येत नाही. मी तसं बोलले, तेवढ्यात मागच्या बायकांचा रेटा आला आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी सुरुवातीला किटलीत नुसतं गरम पाणी ओतून ग्रीन टी केला, काही झालं नाही. एका सकाळी गॅसवर ठेवली. मंद आच, खाली जाळी, पाणी पाऊण किटली. पाणी उकळायला लागलं आणि 'टच्' असा आवाज झाला. तळ बशीसारखा गोल, सलग सुटून जाळीवर राहिला, वरचं भांडं दांड्यासकट कलंडलं आणि सगळं उकळतं पाणी ओट्यावरून खाली आलं. सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या, पाणी थेट त्यांच्या पावलावर. लगेच नळाखाली पाय धरला आणि चांगली वीस मिनिटं धरून ठेवला. घरात कुणी टूथपेस्ट लावा म्हणालं, कुणी हळद, मी काहीही लावू दिलं नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, गार वाहतं पाणी हाच पहिला उपाय, बर्फसुद्धा लावायचा नाही. तरी फोड आले आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला पुढे कितीतरी दिवस चप्पल घालता आली नाही.

विक्रेत्याला फोन केला. त्याचं पहिलंच वाक्य, "तुम्ही रिकामी तापवली असणार." नाही म्हटल्यावर, "मग मोठ्या आचेवर ठेवली असणार." तेही नाही म्हटल्यावर, "गरम किटली ओल्या ओट्यावर ठेवली असणार." पाठ केलेली उत्तरं होती ती. नंतर माझा नंबर त्याने ब्लॉक केला. यातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवा. 'तुमच्याच हातून काहीतरी झालं' असं ऐकलं की घरातली बाई गप्प बसते, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

आमच्या इमारतीत रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांना तुकडे दाखवले. त्यांनी आधी तुकड्याची कड उजेडाकडे धरली. कडेला हिरवट झाक होती. साध्या काचेत लोहाचा अंश असतो, त्यामुळे कडेकडून पाहिलं की बहुधा हिरवट दिसतं. मग त्यांनी मेडिकलमधून ग्लिसरीन मागवलं, एका वाटीत ओतलं आणि त्यात त्यांच्याकडच्या जुन्या फुटक्या बीकरचा, म्हणजे खऱ्या बोरोसिलिकेटचा, तुकडा सोडला. तो दिसेनासा झाला. बोट घातलं तर लागतो, पण डोळ्यांना दिसत नाही. शेजारी आमच्या किटलीचा तुकडा सोडला, तर त्याची कड न् कड स्पष्ट दिसत होती. बोरोसिलिकेट काच आणि ग्लिसरीन, दोन्हींचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.४७ च्या आसपास असतो, म्हणून प्रकाश एकातून दुसऱ्यात न वळता जातो आणि काच विरघळल्यासारखी वाटते. साध्या काचेचा १.५२ च्या जवळ असतो, ती लपत नाही. आमची किटली साध्या काचेची होती, खिडकीला किंवा लोणच्याच्या बरणीला असते तशा.

फरक किती पडतो तेही त्यांनी सांगितलं. बोरोसिलिकेटमध्ये सुमारे ८० टक्के सिलिका आणि १३ टक्के बोरॉन ऑक्साइड असतं. ती तापल्यावर फार कमी प्रसरण पावते. एक मीटर लांबीची काच १०० अंशांनी तापवली तर बोरोसिलिकेट साधारण ०.३३ मिलिमीटर वाढते, साधी काच ०.९ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तिप्पट. गॅसवर तळ तापतो आणि वरची बाजू मागे राहते, त्या ओढाताणीत साधी काच तडकते. जर्मनीत ओटो शॉटने १९ व्या शतकाच्या अखेरीस ही काच बनवली, १९१५ पासून अमेरिकेत 'पायरेक्स' नावाने ती स्वयंपाकघरात आली. आणि आज त्याच नावाची अमेरिकेत विकली जाणारी भांडी टेम्पर केलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करून टणक (टफन) केलेल्या साध्या काचेची असतात, तर युरोपातली बोरोसिलिकेटची. इतकं मोठं नावसुद्धा काच कुठली ते सांगत नाही, मग प्रदर्शनातल्या खोक्यावरच्या 'जर्मन टेक्नॉलॉजी'ला काय किंमत द्यायची? आमच्या खोक्यावर 'बोरोसिलिकेट' हा शब्द कुठेच नव्हता. 'हीट रेझिस्टंट ग्लास' एवढंच छापलं होतं. बोरोसिलिकेट होतं ते फक्त विक्रेत्याच्या तोंडी, आणि जाऊबाईंच्या व्हिडिओत.

तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. डेमोची किटली फुंकून केलेली होती, कुठेही सांधा नाही. आमच्या किटलीला गळ्यापासून तळापर्यंत दोन्ही बाजूंनी साच्याची बारीक उभी रेघ होती, बोट फिरवलं की लागायची. तळही जाड होता. झाकण, दांडा, जाळीची नळी मात्र हुबेहूब तीच. नुसती रेघ दिसली म्हणून काच खोटी असं म्हणता येणार नाही, साच्यातलं बोरोसिलिकेटही असतं. पण दाखवलेल्या नगाला रेघ नाही आणि दिलेल्या नगाला आहे, म्हणजे दोन वेगळे माल आहेत, हे सांगायला प्राध्यापक लागत नाहीत. आणि 'आमची काच बघा किती जाड' या बोलण्याला भुलू नका. आपटायला जाड काच बरी, आचेवर मात्र तीच आधी दगा देते, कारण आतली आणि बाहेरची बाजू एकसारखी तापत नाही. चमच्याने वाजवून दाखवणं हेही फसवंच. टफन केलेली साधी काच टकटक सहज सोसते आणि नंतर तारेच्या घासणीचा ओरखडा पडला की एखाद्या दिवशी एकदम चुरा होते.

तेव्हा खोकं स्टॉलवरच उघडायला लावा, तुम्ही घरी नेणार तेच खोकं, त्याने फक्त दाखवायला काढलेलं नव्हे. नकार दिला तर तिथून निघा. खोक्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीचा नंबर आणि आयात माल असेल तर कुठल्या देशात बनला ते, हे सगळं छापलेलं असणं २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आमच्या खोक्यावर पत्ता नव्हता, हे घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं तेव्हा कळलं. अशा खोक्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे, म्हणजे वजन-मापं आणि पॅकबंद मालावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, करता येते. बिलावर जीएसटी क्रमांक हवा. तो पंधरा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की व्यापाऱ्याचं नाव तिथल्या तिथे दिसतं.

मग आम्ही इलेक्ट्रिक काचेची किटली बघायला लागलो, तर तिथे दुसरीच चलाखी. एका दुकानदाराने आयएसआय मार्क दाखवला, पण तो प्लगवर होता. मार्कच्या वर आयएस १२९३ लिहिलेलं, ते प्लग आणि सॉकेटचं मानक आहे. वायरवर आयएस ६९४, ते पीव्हीसी वायरचं. किटलीचं मानक आयएस ३६७ आहे, आणि किटलीच्या बुडाला तर काहीच नव्हतं. प्लग प्रमाणित आहे म्हणून किटली प्रमाणित होत नाही. मार्कच्या खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये टाकून बघा. परवाना कुणाचा आणि कुठल्या वस्तूचा, ते समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

आता तक्रारीचं. प्रदर्शनाच्या आयोजकांनी आधी हात झटकले, "आम्ही फक्त जागा देतो." लेखी पत्र दिलं, त्यात ग्राहक आयोगात तुम्हालाही सामील पक्ष करू असं लिहिलं, तेव्हा स्टॉल कुणाच्या नावावर होता ते कळलं. आम्ही पैसे यूपीआयने दिले होते, तिथे दिसलेलं नाव आणि हे नाव जुळलं. रोख दिले असते तर तेही जुळवता आलं नसतं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. विक्रेत्याकडून उत्तर आलं नाही, म्हणून आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिल न देणं ही स्वतःच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिलेली नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. चिठ्ठीवर काहीही छापलेलं असो. विक्रेता कुठल्याही गावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे.

फुटलेले तुकडे फेकून देऊ नका. काच कुठली हे डोळ्यांनी ठरत नाही, अशा वेळी आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. आमचे तुकडे, खोकं, एस्टिमेटची चिठ्ठी, यूपीआयची नोंद, व्हिडिओ आणि डॉक्टरांचे कागद सगळं एकत्र ठेवलं आहे. हे स्टॉल गावोगाव फिरतात, त्यामुळे अशीच किटली आणखी कितीतरी घरांत असणार. तुमच्याकडे अशा स्टॉलवरून आणलेली किटली असेल आणि तिला साच्याची रेघ असेल, खोक्यावर पत्ता नसेल, तर ती गॅसवर ठेवू नका. जाळीवरही नको. एकाच विक्रेत्याकडून फसलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते, आणि आमची तशी तयारी आहे.